काखेत कळसा

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण बहुधा निंदेच्या अर्थाने वापरतो. दूरच्या वस्तूचे सौंदर्य खोटे असते, जवळ जाताच तिच्यातले खाचखळगे दिसू लागतात, असा तिचा रोख असतो. परंतु या म्हणीला आणखी एक बाजू आहे. दूरचा डोंगर साजरा दिसतो याचे एक कारण असे की, तो चढण्याचा प्रसंग आपल्यावर येणार नसतो. इतिहासाचा अध्यापक या नात्याने गेली पंचवीस-तीस वर्षे मी परदेशांतील निःशस्त्र लोकलढ्यांची वर्णने वर्गात मोठ्या रसाने करीत आलो आहे. विद्यार्थीही ती तितक्याच रसाने ऐकतात. यंदाच्या मे महिन्यात काशीद येथे एक अगदी लहान गोष्ट घडली आणि या रसिकतेविषयी मला स्वतःची झडती घ्यावी लागली. ती हकीकत सांगितल्याने वाचकांचेही थोडेफार कल्याण होईल, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीद हे गाव आहे. आज त्याची ओळख पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यासाठी आणि तेथील सुरूंच्या रांगांसाठी आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारी तेथे दाटीने उभ्या असतात. माझ्या लहानपणी हे माझे आजोळ होते. नारळी-पोफळीची एक लहान वाडी, कौलारू घर, पुढे ओटी, मागे विहीर, एवढाच त्याचा पसारा. मामांच्या पश्चात ते घर बंद होते. यंदा ते मोकळे करावयाचे ठरले आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली काढण्यात आल्या. त्यांपैकी एका पत्र्याच्या ट्रंकेत दोन वस्तू शेजारी शेजारी निघाल्या. एक होता माझा लहानपणचा खेळ आणि दुसरी होती एक जुनी कबुलायत.

आधी खेळाविषयी. १९८४ सालच्या सुट्टीत आखाती देशात नोकरीस असलेल्या माझ्या धाकट्या मामाने तो आणला होता. तळहातावर मावेल एवढी ती पेटी होती. तीत गणकयंत्रासारखा काचेचा पडदा, दोन बाजूंस दोन बटणे आणि बटणाएवढ्याच गोल बॅटऱ्या. जपानातील निन्टेन्डो कंपनीने अशा पेट्या १९८० पासून विकावयास काढल्या. त्यांचा कल्पक गुनपेई योकोई. आगगाडीत कंटाळलेला एक गृहस्थ हातातल्या गणकयंत्राशी चाळा करीत बसलेला पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. दहा-अकरा वर्षांत या मालिकेच्या चार कोटींहून अधिक पेट्या जगभर खपल्या. माझ्या वाट्यास आलेल्या खेळाचे नाव 'पॅराशूट'. आकाशात एक हेलिकॉप्टर, त्यातून माणसे छत्रीच्या आधाराने खाली उतरत आहेत. खाली समुद्र, समुद्रात एक होडी, आणि होडीत एक मनुष्य. ती होडी डावी-उजवीकडे सरकवून उतरणाऱ्यांना झेलावयाचे. एखादा चुकला तर तो पाण्यात पडे आणि शार्क मासा त्याच्या पाठीस लागे. तीन चुका झाल्या की खेळ संपे; बटण दाबले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

त्या वेळच्या बहुतेक संगणकीय खेळांत गोळ्या झाडावयाच्या असत. माझ्या खेळात झाडावयाचे काहीच नव्हते. फक्त वाचवावयाचे होते. काशीदच्या ओटीवर, समोर खराखुरा समुद्र गाजत असता, मी त्या चिमुकल्या समुद्रात तासन् तास माणसे झेलीत बसे. आजी म्हणे, "अरे, बाहेर एवढा दर्या पसरलाय, आणि तू डबीत काय बघत बसतोस?" मी मान वर करीत नसे. आज ती पेटी हातात घेतली तेव्हा तिच्या बॅटऱ्या फुटून हिरवा गंज चढला होता आणि पडदा कायमचा कोरा झाला होता. तरीही अंगठे आपोआप बटणांवर गेले. बालपणाची स्मृती मनाआधी बोटांत जागी होते, याचा प्रत्यय अशा वेळी येतो.

याच वर्षांत मला परदेशांतील लोकलढ्यांची गोडी लागली. १९८६ च्या फेब्रुवारीत फिलिपाइन्सच्या मनिला नगरीत जे घडले ते मी मुंबईस वृत्तपत्रांत वाचले. फर्डिनंड मार्कोस याने घेतलेली निवडणूक लबाडीची ठरली. सैन्यातील काही अधिकारी फुटून निघाले. त्यांस चिरडण्यास रणगाडे निघाले, तेव्हा कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांस हाक दिली. लाखो माणसे एड्सा नावाच्या हमरस्त्यावर येऊन उभी राहिली. जोगिणी हातात जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे गुडघे टेकून बसल्या. २२ ते २५ फेब्रुवारी, अवघ्या चार दिवसांत मार्कोस देश सोडून गेला आणि कोराझोन अक्विनो अध्यक्षा झाल्या. चौदा वर्षांच्या मुलाच्या मनावर अशा हकीकतीचा काय परिणाम होतो, ते सांगावयास नकोच.

पुढे १९८९ साल उजाडले. त्या वर्षीच्या २३ ऑगस्टला एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया या तीन देशांतील सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात गुंफून टालिनपासून विल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरांची साखळी उभी केली. ज्या करारान्वये हिटलर आणि स्टालिन यांनी पूर्व युरोप परस्परांत वाटून घेतला, त्याला त्या दिवशी पन्नास वर्षे झाली होती. ऑक्टोबरात जर्मनीतील लाइपत्सिग येथे त्याहून विलक्षण प्रकार घडला. तेथील सेंट निकोलस चर्चमध्ये दर सोमवारी शांतिप्रार्थना होई, आणि प्रार्थनेनंतर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर येत. ९ ऑक्टोबरच्या सोमवारी सत्तर हजार माणसे जमली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चीनमध्ये तिआनमेन चौकाच्या परिसरात झालेला संहार सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. लाइपत्सिगमध्येही इस्पितळांत जादा रक्ताची तजवीज करून ठेवण्यात आली होती. वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मासूर आणि आणखी पाच जण यांनी संयमाचे आवाहन केले, ते ध्वनिक्षेपकांवरून शहरभर ऐकविण्यात आले. लोक चालत गेले, सैनिक उभे राहिले, आणि गोळी सुटली नाही. बरोबर एक महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

दिवाळीची सुट्टी लांबवून मी तेव्हा काशीदला राहिलो होतो. ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकून मी आजीला मोठ्या उत्साहाने लाइपत्सिगची हकीकत सांगितली. सत्तर हजार माणसे, हातांत केवळ मेणबत्त्या, आणि एकही गोळी नाही! आजी ओटीवर सुपारी कातरीत बसली होती. ती काही वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आमच्या माहेराकडे सहा वर्षं कुणी नांगर धरला नाही. तिथे गोळी झाडायची तरी कुणावर? रिकाम्या शेतावर?"

मी म्हटले, "कधी गं?"

"मी लहान होते तेव्हा. आमच्या कुळाची एक मुलगी माझ्याबरोबर सागरगोटे खेळायला यायची. संप झाला आणि ती यायची बंद झाली. आमच्या घरूनही मला तिकडे जाऊ देईनात. पुढे लग्न होऊन मी इकडे नबाबाच्या हद्दीत आले." एवढे बोलून तिने सुपारीचा चुरा डब्यात भरला.

मी पुढे काहीही विचारले नाही. जर्मनीच्या बातम्यांची वेळ झाली होती, आणि त्या बातम्यांची वाट पाहण्यासाठी मी खेळाची पेटी हातात घेतली. आजी गेली त्याला आता बरीच वर्षे लोटली. ती जे सांगू पाहत होती तो चरीचा शेतकरी संप, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. आणि त्या संपाशी माझ्याच घराण्याचा संबंध कोणत्या बाजूने होता, ते यंदा ट्रंकेतल्या कबुलायतीने कळले.

वाचकांपैकी पुष्कळांस चरीचे नाव ठाऊक असेल, परंतु तपशील ठाऊक नसण्याचा संभव आहे. म्हणून तो थोडा विस्ताराने देतो. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते. त्यातील अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खाडीकाठच्या भागास खारेपाट म्हणतात. ही जमीन निसर्गाने दिलेली नव्हे, ती माणसाने समुद्रापासून हिसकावून घेतलेली आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालावयाचे, पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील खार धुऊन काढावयाचा, आणि मग कोठे तीत भात पिकणार. उधाणात बांधास खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि केलेली मेहनत वाया जाते. हे बांध घालणारे आणि राखणारे हात कुळांचे. त्यांत आगरी समाजाचा भरणा मोठा. जमिनीवरील हक्क मात्र खोताचा.

खोत हा मुळात सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा मक्तेदार. कालांतराने तो गावाचा धनी होऊन बसला. सरकारास भरावयाचा सारा आणि कुळाकडून घ्यावयाचा खंड यांत जे अंतर असे, ते खोताचे उत्पन्न. खंड धान्यात ठरे. त्याखेरीज वेठबिगार आणि नाना प्रकारच्या बाबी. जमीन कसणाऱ्यास कायद्याने कसलेच संरक्षण नसल्यामुळे 'जमीन सोड' हे दोन शब्द खोताच्या हातात कायमचे शस्त्र होते. ट्रंकेत सापडलेली १९३१ सालची कबुलायत याचा उत्तम नमुना आहे. माझ्या आजीच्या माहेरी खोतीची एक लहानशी तक्षीम होती, आणि तो कागद तिच्या वडिलांच्या नावे लिहून दिलेला आहे. पीक कमी येवो की जास्त, ठरलेला भाताचा खंड बिनतक्रार पोहोचता करीन. बांधाची दुरुस्ती आपल्या अंगमेहनतीने करीन. न केल्यास जमीन काढून घ्यावी. खाली 'निशाणी डावे हाताचा अंगठा'. शाई फिकट झाली आहे. अंगठ्याच्या रेषा मात्र स्पष्ट उमटलेल्या आहेत.

अशा जमिनीवर १९२९ नंतरच्या जागतिक मंदीचे संकट आले आणि धान्याचे भाव कोसळले. कुळांना संघटित करण्याचे काम नारायण नागू पाटील यांनी त्याआधीच हाती घेतले होते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे भातकापणीच्या तोंडावर, अलिबाग तालुक्यातील चरी या गावी आसपासच्या पंचवीस गावांतील शेतकऱ्यांची सभा भरली आणि तीत संपाचा निर्णय झाला. वाजवी वाटा मिळेपर्यंत खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत, एवढाच त्या निर्णयाचा मजकूर. मिरवणूक नाही, मोडतोड नाही. केवळ नांगर न धरणे.

हे 'केवळ' किती अवघड होते, याचा विचार करावा. गिरणीतला कामगार संपावर जातो तेव्हा त्याची मजुरी थांबते. शेतकरी संपावर गेला की त्याच्या घरचे अन्न थांबते, कारण जे भात तो पिकविणार नाही त्यात त्याचाही घास असतो. शिवाय खारेपाटातील जमीन नुसती पडीत राहत नाही. बांधांची निगा थांबली की खारे पाणी आत येते, आणि स्वतःच्या बापजाद्यांनी गोडी केलेली जमीन डोळ्यांदेखत पुन्हा खारी होऊ लागते. या लोकांनी ते पाहिले आणि सोसले. कोणी खाडीत मासे-चिंबोऱ्या धरून, कोणी डोंगरातील लाकूडफाटा विकून, कोणी मोलमजुरी करून दिवस काढले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांच्या इतक्या दीर्घ संपाची उदाहरणे जगाच्या इतिहासात विरळाच असतील.

या संपास बाहेरून जो आधार मिळाला त्याचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९३४ मध्ये चरी येथे शेतकरी परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. याच कुलाबा जिल्ह्यात महाड येथे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. महाडास त्यांच्या बाजूने उभे राहिलेले अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस चरीच्या लढ्यातही आले. शामराव परुळेकर आले. ही मंडळी शिकलेल्या, पांढरपेशा वर्गातली होती. खोतांच्या घराण्यांत जन्मलेल्या अथवा त्यांच्याशी सोयरीक असलेल्या माणसास दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असे म्हणण्याची सोय ही नावे आपल्यास ठेवीत नाहीत. १९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ साली 'कृषीवल' हे शेतकऱ्यांचे पत्र निघाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर चालून गेले. विधेयक मंजूर झाले नाही. परंतु प्रश्न गावाच्या शिवेबाहेर पडला तो कायमचा.

अखेरीस बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातील महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीस येऊन परिस्थिती पाहिली. १९३९ साली मुंबई इलाख्याचा कूळ कायदा झाला आणि 'संरक्षित कूळ' ही संज्ञा प्रथमच कायद्याच्या पुस्तकात आली. १९४८ साली अधिक व्यापक कूळ कायदा झाला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा हा कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. एका खेड्यातील सभेने या सर्वांस जन्म दिला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होईल. परंतु त्या सभेवाचून हा क्रम असाच घडला असता, असे मानणे त्याहून चुकीचे ठरेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लाइपत्सिगच्या सोमवारांची वारीख तारीख मला पाठ. कुर्ट मासूरचे नाव जिभेवर. आणि ज्या ओटीवर बसून मी त्या बातम्या ऐकल्या, तिच्यापासून मोटारीने दीड-दोन तासांवर घडलेल्या लढ्याविषयी मी प्रत्यक्ष साक्षीदारास एक प्रश्नही विचारला नाही. हे कशामुळे झाले? 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' म्हणून हसून सोडून देण्याइतकी ही गोष्ट साधी नाही.

पहिले कारण इतिहासलेखनाच्या स्वभावात आहे. इतिहासाला दृश्य आवडते. रणगाड्यापुढे गुडघे टेकलेली जोगीण हे दृश्य आहे. हातांत हात घातलेले वीस लाख लोक हेही दृश्य आहे. न नांगरलेले शेत हे दृश्य नव्हे. तेथे काही घडत नाही. घडावयाचे ते घडत नाही, हीच तेथील घटना असते. अशा लढ्याचे छायाचित्र घ्यावयाचे तरी कशाचे? म्हणूनच अमेरिकेतील माँटगोमेरी येथील नीग्रो नागरिकांनी १९५५-५६ साली ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार टाकला, त्यातही आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे आठवतात. रोज कामावर पायी गेलेल्या मोलकरणींचे पाय आठवत नाहीत.

याहून बोधप्रद उदाहरण आयर्लंडचे आहे. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करण्याची कुळांची मागणी त्याने झिडकारली. तेव्हा गावाने त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याचे पीक कापावयास मजूर मिळेना. उत्तरेकडून पन्नास माणसे सैन्याच्या पहाऱ्यात आणून पीक काढावे लागले आणि पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सरकारास आला. त्या गृहस्थाचे नाव इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले, आणि आपल्या शिकलेल्या घरांत आजही 'बॉयकॉट' हा शब्द सर्रास चालतो. खोत आणि कूळ यांच्यातला तोच तंटा, तेच निःशस्त्र उत्तर. काळ मात्र काही महिन्यांचा नव्हे, सहा वर्षांचा. तरीही आयर्लंडमधल्या कारभाऱ्याचे नाव आमच्या तोंडी बसले आणि चरीचे नाव आम्हास पुस्तकात शोधावे लागले.

दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. दूरच्या लढ्यात आपण सदैव योग्य बाजूस असतो. मार्कोसशी माझे काही नाते नव्हते. पूर्व जर्मनीतील सत्ताधाऱ्यांकडून माझ्या घरी भाताची खंडी येत नव्हती. त्यामुळे तेथील जनतेवर प्रेम करावयास मला काहीच द्यावे लागले नाही. चरीच्या लढ्यावर प्रेम करावयाचे तर आजीच्या माहेरची ती कबुलायत वाचावी लागते आणि त्या अंगठ्यापुढे आपण कोठे उभे होतो, ते सांगावे लागते. माझे पणजोबा दुष्ट होते, असे मला म्हणावयाचे नाही. आजीच्या आठवणीत ते मुलांवर माया करणारे, देवभोळे गृहस्थ होते. एका लहान तक्षीमदारास त्या सहा वर्षांत स्वतःचीही ओढाताण झालीच असेल. परंतु संपाचा निकाल लागेपर्यंत त्यांचे घर उपाशी राहिले नाही, आणि अंगठा देणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटत होती याची चौकशी झाल्याचे आमच्या घरात कोणी कधी सांगितले नाही. आमच्या घराने या प्रकरणी जे मौन पाळले, त्याला विस्मृती म्हणता येणार नाही. ते जपून ठेवलेले मौन होते. कागद ट्रंकेत नीट घडी घालून ठेवलेला होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

येथे पुन्हा त्या खेळाची आठवण होते. लहानपणच्या खेळांनी आमच्या पिढीचे मन बिघडविले, असा आरोप मी करणार नाही; ज्याने मला तासन् तास माणसे झेलावयास लावले त्या खेळाविषयी मला कृतज्ञताच वाटते. तरीही त्याची एक सवय मनास लागली असावी. तीन चुका माफ, पुढे नवा डाव. वाचविलेल्यांचे गुण मोजले जातात, बुडालेल्यांची नावे नसतात. दूरचे लढेही मी असेच पाहिले. चार दिवसांचा एक डाव, एक महिन्याचा दुसरा. डाव जिंकला की टाळ्या. पुढे फिलिपाइन्सच्या शेतकऱ्यांच्या जमिनीचे काय झाले, याची चौकशी मी केली नाही. चरीच्या कुळास तीन संधी नव्हत्या. त्याचा पावसाळा एकदा गेला की गेला.

महाविद्यालयात मला दुसरा एक खेळ भेटला, तो टेट्रिस. १९८४ साली मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह याने तो रचला. वरून चार-चार चौकोनांचे तुकडे पडत राहतात, आणि ते नीट बसवून ओळी पुऱ्या करावयाच्या. या खेळात शत्रू नाही आणि, मौज अशी की, विजयही नाही. जितका वेळ टिकाल तितके खरे; वेग वाढतच जातो. त्या वयात मला तो कंटाळवाणा वाटे, कारण त्याला शेवट गोड नव्हता. आज वाटते, निःशस्त्र लढ्याची ओळख मेणबत्त्यांच्या मिरवणुकीपेक्षा या खेळाने अधिक खरी करून दिली असती. असे लढे बहुतांशी टिकून राहण्याचे असतात. त्यांत उत्साहाचे दिवस थोडे, आणि कालच्यासारखाच आजचा दिवस काढण्याचे दिवस फार. लाइपत्सिगच्या त्या सोमवारामागेही १९८२ पासूनचे कितीतरी सोमवार होते. त्यांत कित्येक वेळा मूठभरच माणसे प्रार्थनेस येत. ते सोमवार मी वर्गात कधी शिकविले नाहीत. चरी समजल्यावर लाइपत्सिगही थोडे अधिक समजले, हा या चौकशीचा एक अनपेक्षित लाभ.

म्हणून परदेशांतील लढ्यांचे कौतुक करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माणसाने माणसावर हात न उगारता अन्याय हटविला, ही वार्ता कोठूनही आली तरी ती आपलीच आहे. प्रश्न एवढाच की, ते कौतुक आपल्याकडून काही मागते की नाही. जे कौतुक काहीच मागत नाही, ते करमणुकीहून फारसे वेगळे नसते. आणि करमणुकीसाठी माझ्याजवळ ती पेटी होतीच.

काशीदचे घर मोकळे करून परतताना मी वाट वाकडी करून चरीस गेलो. मे महिना असल्याने खारेपाटातील सगळीच शेते उघडी होती. भेगाळलेली जमीन, मध्ये मध्ये बांध, दूर खाडीकडे पाण्याची रेघ. अलिबाग तालुक्यात आता जमिनीचे भाव फार चढले आहेत आणि कित्येक ठिकाणी शेतांच्या जागी मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आहेत. ज्यांच्या आज्यांनी जमीन मिळावी म्हणून उपास काढले, त्यांपैकी कोणी ती विकली असेल तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार निदान माझ्या घराला नाही. उन्हाळ्यात पडीत शेत आणि पिकाचे शेत यांत फरक दिसत नाही. तेथे उभे राहून त्या सहा वर्षांतील कोणते शेत कोणी सोडले होते, ते ओळखता येणे शक्य नव्हते.

कबुलायत मी जिल्ह्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या एका स्नेह्याच्या स्वाधीन केली आहे. खेळाची पेटी मजजवळ ठेवली आहे. एका गोष्टीची मात्र आता भरपाई होण्यासारखी नाही. आजीबरोबर सागरगोटे खेळावयास येणाऱ्या त्या मुलीचे नाव काय होते, ते त्या दिवशी ओटीवर विचारले असते तर आजीने खचित सांगितले असते. मी विचारले नाही.